पाहिले की ऐकले?

१९८६ च्या पावसाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा सत्तरीतून एका मराठी दैनिकाला बातम्या पाठवायचो. पाठवायचो म्हणजे काय, तर फुलस्केपच्या अर्ध्या पानावर बातमी लिहायची, पाकिटात घालायची आणि संध्याकाळी पणजीला जाणाऱ्या कदंबच्या बसच्या कंडक्टरच्या हातात द्यायची. पणजीच्या बसस्थानकावर कार्यालयाचा शिपाई ते पाकीट घ्यायला उभा असे. अगदीच तातडीचे असले तर पोस्टातून फोन.

जुलैतल्या एका रात्री धो धो पाऊस झाला. सकाळी चहाच्या हॉटेलात बातमी आली की वरच्या गावातला साकव वाहून गेला आणि साकवाबरोबर एक माणूसही गेला. सांगणारे त्या माणसाचे नावसुद्धा सांगत होते. मी तसाच पोस्टात धावलो आणि फोन लावला. पलीकडे आमचे वृत्तसंपादक होते. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "तुवें पळयलें काय आयकलें?" म्हणजे तू स्वतः पाहिलेस की ऐकलेस? मी म्हटले, सगळा गाव सांगतोय. ते म्हणाले, "गाव सांगता म्हूण छापूंक जायना. वचून यो."

दोन तास चिखल तुडवत गेलो. साकव खरोखरच गेला होता. माणूस मात्र आपल्या घराच्या ओसरीवर बसून विडी ओढत होता. वाहून गेली होती ती त्याची म्हैस. रात्री तो म्हशीला हाका मारत काठाने धावला होता. त्याच्या हाका ऐकून पलीकडच्या काठावरच्या लोकांनी बाकीची गोष्ट जुळवली होती. त्याची मुलगी डिचोलीला दिलेली होती. मी फोनवर "पाहिले" असे म्हटले असते, तर दुसऱ्या दिवशी तिने बापाच्या मरणाची बातमी पेपरात वाचली असती.

पत्रकारांनी समाजमाध्यमांचा उपयोग कसा करावा, असे हल्ली तरुण वार्ताहर मित्र विचारतात. कोणते अ‍ॅप घ्यावे, किती वेळा लिहावे, फॉलोअर कसे वाढवावेत असे त्यांचे प्रश्न असतात. ते सांगण्याइतका मी त्यातला तज्ज्ञ नाही. पण गेल्या वीस वर्षांत जगभरच्या वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी ही माध्यमे कशी वापरली, कुठे त्यांचे भले झाले आणि कुठे नाक कापले गेले, याचा इतिहास आता आपल्यासमोर आहे. तो वाचताना मला वारंवार आमच्या वृत्तसंपादकांचा तो प्रश्न आठवतो.

या इतिहासाची सुरुवात २००५ पासून करायला हरकत नाही. ७ जुलै २००५ रोजी लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि एका बसमध्ये बॉम्बस्फोट झाले. पहिल्या सहा तासांत बीबीसीकडे सामान्य लोकांनी काढलेली एक हजाराहून अधिक छायाचित्रे, २० चित्रफिती, ४,००० एसएमएस आणि २०,००० ईमेल येऊन पडले. बोगद्यात, धुरात अडकलेल्या प्रवाशांनी मोबाइलवर काढलेली ती चित्रे होती. तिथे कोणताही कॅमेरामन पोहोचू शकला नसता. त्या दिवसापासून मोठ्या वृत्तसंस्थांच्या लक्षात आले की घटना घडते तेव्हा साक्षीदार आधीच तिथे हजर असतो आणि त्याच्या खिशात कॅमेराही असतो. बातमीदाराने त्याला शोधायचे असते.

मग मुंबई. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हल्ला सुरू झाला आणि पुढचे तीन दिवस आपण सारे टीव्हीसमोर बसून होतो. त्याच वेळी ट्विटरवर मुंबईतून संदेशांचा लोंढा सुरू होता. कुलाब्यातल्या एका रहिवाशाने रस्त्यावर उतरून काढलेली छायाचित्रे फ्लिकरवर टाकली आणि ती जगभर पाहिली गेली. रुग्णालयांत रक्त हवे आहे, अमुक रस्ता बंद आहे, असे उपयोगी निरोपही त्यात होते. पण याच लोंढ्यात एक वाक्य फिरू लागले की भारत सरकारने मुंबईतून ट्विटरवर लिहिणे ताबडतोब थांबवायला सांगितले आहे. बीबीसीच्या संकेतस्थळाने ते आपल्या ताज्या घडामोडींच्या पानावर जसेच्या तसे घेतले. त्याला आधार काहीच नव्हता. पुढे बीबीसीच्या संपादकांनी त्याबद्दल जाहीर खुलासा करून आपल्या पद्धतीचा फेरविचार केला. शेकडो लोक तेच वाक्य लिहीत होते म्हणून ते खरे वाटले. प्रत्यक्षात ते शेकडो लोक एकमेकांचे वाचून लिहीत होते. आमच्या चहाच्या हॉटेलात त्या सकाळी हेच घडले होते. दहा जणांनी सांगितले, पण काठावरचा साक्षीदार त्यांतला एकही नव्हता.

आता चांगल्या उपयोगाचे उदाहरण पाहू. १ एप्रिल २००९. लंडनमध्ये जी-२० देशांची परिषद भरणार होती आणि तिच्याविरुद्ध निदर्शने चालली होती. इयान टॉमलिन्सन नावाचा ४७ वर्षांचा वर्तमानपत्र विक्रेता संध्याकाळी काम आटोपून घरी निघाला होता. निदर्शनांशी त्याचा काही संबंध नव्हता. बँक ऑफ इंग्लंडच्या परिसरात तो कोसळला आणि मेला. मृत्यू नैसर्गिक, हृदयविकाराने, असे पहिल्या शवविच्छेदनात म्हटले गेले. मदतीला गेलेल्या पोलिसांवर जमावाने बाटल्या फेकल्या, असेही आधी सांगण्यात आले. पेपर विकणाऱ्या माणसाची बातमी पेपरात दोन दिवसांत संपली असती.

'गार्डियन'चा बातमीदार पॉल लुईस याला ते पटले नाही. टॉमलिन्सन कोणत्या रस्त्याने गेला, त्या वेळी तिथे कोण होते, कुणी फोटो काढले, हे तो ट्विटरवर आणि इतरत्र शोधू लागला. निदर्शकांनी इंटरनेटवर टाकलेल्या छायाचित्रांत टॉमलिन्सन दिसतो का, हे तपासत तो एकेका माणसापर्यंत पोहोचला. सहा दिवसांत वीसेक साक्षीदार मिळाले. लुईस त्यांच्याशी बोलला आणि कोण नेमके कुठे उभे होते, ते नकाशावर जुळवत गेला. न्यूयॉर्कहून कामानिमित्त लंडनला आलेल्या एका गृहस्थाने त्या संध्याकाळी गंमत म्हणून चित्रण केले होते. 'गार्डियन' या प्रकरणाच्या मागे आहे हे पाहून त्याने आपली चित्रफीत त्यांच्याकडे दिली. ७ एप्रिलला ती प्रसिद्ध झाली. खिशात हात घालून चाललेल्या टॉमलिन्सनला एक पोलीस मागून दंडुका मारतो आणि जमिनीवर ढकलतो, हे त्यात स्पष्ट दिसत होते.

पुढे २०११ मध्ये चौकशीच्या ज्युरीने हा मृत्यू बेकायदा हत्या असल्याचा निर्णय दिला. २०१२ मध्ये फौजदारी खटल्यात तो पोलीस निर्दोष सुटला, पण त्याच वर्षी गैरवर्तनासाठी नोकरीतून काढला गेला. २०१३ मध्ये लंडन पोलिसांनी टॉमलिन्सनच्या कुटुंबाची माफी मागितली. पत्रकारिता सगळा न्याय मिळवून देत नाही, पण आपला माणूस कसा मेला हे त्या कुटुंबाला कळले. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की लुईसने ट्विटरवरून बातमी उचलली नाही. त्याने तिथून माणसे शोधली. बातमी त्याने नेहमीच्याच पद्धतीने, माणसांशी बोलून केली.

दोन वर्षांनी, २०११ मध्ये, अरब देशांत उठाव झाले. अमेरिकेच्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओचा अँडी कार्विन वॉशिंग्टनमध्ये बसून दिवसाला शेकडो ट्वीट करत होता. ट्युनिशियातल्या इंटरनेटवर लिहिणाऱ्या मंडळींशी त्याच्या कितीतरी आधीपासून ओळखी होत्या. त्यामुळे तिथे ठिणगी पडली तेव्हा कुणाला विचारावे हे त्याला माहीत होते. नवख्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. संकटाच्या दिवशी ओळखी करता येत नाहीत, त्या आधी कराव्या लागतात.

कार्विनची रीत साधी होती. आलेली गोष्ट तो "हे खरे आहे का? कुणी पाहिले? पुरावा काय?" असे विचारत लोकांपुढे ठेवायचा. लिबियात सापडलेल्या एका उखळी तोफगोळ्याचे छायाचित्र फिरू लागले. त्यावर तारा होता आणि खाली चंद्रकोरीसारखे काहीतरी. हा इस्रायलचा गोळा, गद्दाफीला इस्रायल शस्त्रे पुरवतो, अशी हाकाटी सुरू झाली. कार्विनने ते चित्र आपल्या वाचकांपुढे ठेवले. त्यांत लष्करातले जाणकारही होते. उत्तर निघाले ते असे: हा प्रकाश पाडणारा गोळा आहे, तारा ही त्या प्रकाशाची खूण आणि कोरीसारखे दिसते ते पॅराशूटचे चिन्ह, कारण तो गोळा पॅराशूटने हळूहळू खाली येतो. एक भलतीच बातमी छापली जाण्यापूर्वीच विरली. वाचकांपैकी कुणीतरी बातमीदारापेक्षा जास्त जाणतो, हे मान्य करण्याचा मोठेपणा मात्र त्यासाठी लागतो.

त्याच वर्षी उलटा प्रकारही घडला. दमास्कसमध्ये राहणाऱ्या एका बंडखोर तरुणीचा ब्लॉग जगभर वाचला जात होता. 'गार्डियन'नेच, ज्याने टॉमलिन्सन प्रकरण बाहेर काढले त्याच पत्राने, तिची मुलाखत ईमेलवर घेऊन छायाचित्रासह छापली होती. ६ जूनला तिचे अपहरण झाल्याची बातमी आली आणि तिच्या सुटकेसाठी मोहीम सुरू झाली. तेव्हा कार्विनने विचारले, हिला प्रत्यक्ष कुणी भेटले आहे का? एकही माणूस पुढे येईना. त्याने आणि इतर काही पत्रकारांनी धागेदोरे जुळवले आणि १२ जूनला उलगडा झाला. एडिनबरोत शिकणारा चाळिशीतला एक अमेरिकन पुरुष ते सारे लिहीत होता. छायाचित्र होते लंडनमध्ये राहणाऱ्या, या प्रकरणाशी काडीचा संबंध नसलेल्या एका बाईचे. सीरियात तेव्हा खरोखरीची माणसे पकडली जात होती. त्यांच्या हाकेवर लोकांनी पुढच्या वेळी विश्वास का ठेवावा, हा प्रश्न तो गृहस्थ मागे ठेवून गेला.

एकदा गर्दीने शोध घ्यायला सुरुवात केली की ती न्यायाधीशही व्हायला बघते. १५ एप्रिल २०१३ रोजी बोस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले. रेडिट आणि ट्विटरवर हजारो लोक छायाचित्रे मोठी करून संशयित शोधू लागले. महिनाभरापूर्वी बेपत्ता झालेला, ब्राउन विद्यापीठाचा भारतीय वंशाचा एक विद्यार्थी त्यांना संशयितासारखा दिसला. एका रात्रीत त्याचे नाव सगळीकडे पसरले, आणि काही पत्रकारांनीही ते पुढे ढकलले. मुलाचा शोध घेण्यासाठी घरच्यांनी जे पान उघडले होते, त्यावर शिव्यांचा पाऊस पडला. २३ एप्रिलला त्याचा मृतदेह प्रॉव्हिडन्स शहराजवळच्या पाण्यात सापडला. तो निरपराध होता. त्या रात्री नाव लिहिण्यापूर्वी एकाही पत्रकाराने पोलिसांकडून खात्री केली असती, तर त्या आईबापांच्या दुःखात निदान ही भर पडली नसती. आपण फक्त पुढे पाठवले, आपण म्हटले नाही, ही सबब पत्रकाराला शोभत नाही. नाव छापणे काय आणि पुढे पाठवणे काय, ज्याचे नाव आहे त्याला दोन्ही सारखेच.

मला सर्वांत आवडलेले उदाहरण २०१६ चे आहे. 'वॉशिंग्टन पोस्ट'चा डेव्हिड फॅरेनथोल्ड हा डोनाल्ड ट्रम्प यांच्या दानधर्माचा तपास करत होता. लाखो डॉलर दान केल्याचे ट्रम्प सांगत, पण ते कुणाला मिळाले? फॅरेनथोल्ड एकेका धर्मादाय संस्थेला फोन करून विचारू लागला. नावे वहीत हाताने लिहायची, पुढे उत्तर लिहायचे, आणि त्या वहीच्या पानाचा फोटो ट्विटरवर टाकायचा. अशा चारशेहून अधिक संस्था झाल्या. अजून कुणाला विचारू, असे तो वाचकांना विचारी आणि वाचक नावे सुचवत. त्याला असेही कळले होते की ट्रम्प यांच्या न्यासाने २०१४ मध्ये १०,००० डॉलर देऊन ट्रम्प यांचेच एक चित्र विकत घेतले. ते चित्र आहे कुठे? हाही प्रश्न त्याने उघड विचारला. एका वाचकाने प्रवाशांच्या संकेतस्थळावरची छायाचित्रे चाळून ते फ्लोरिडात ट्रम्प यांच्या डोराल रिसॉर्टमध्ये भिंतीवर असल्याचे शोधले. आणि मग युनिव्हिजन वाहिनीच्या एका पत्रकाराने त्या रिसॉर्टमध्ये खोली घेतली, रात्री आत फिरला आणि चित्र डोळ्यांनी पाहून आला. वाचकांनी माग काढला, पण शेवटी कुणाला तरी जाऊन पाहावेच लागले. या लेखनाला २०१७ चे पुलित्झर मिळाले. २०१८ मध्ये तो न्यास बंद करण्याचे ठरले आणि २०१९ मध्ये न्यायालयाने ट्रम्प यांना २० लाख डॉलर भरायला लावले.

पण जिथे जाऊन पाहणे शक्यच नाही, तिथे काय करायचे? जुलै २०१८ मध्ये एक भयंकर चित्रफीत फिरू लागली. गणवेशातले लोक दोन बायांना आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गावाबाहेर नेऊन गोळ्या घालतात. हे कॅमेरूनचे सैनिक, असे काही जण म्हणत होते. कॅमेरून सरकारने ती बातमी खोटी ठरवली. बीबीसीच्या 'आफ्रिका आय' या चमूने काही संशोधकांच्या साहाय्याने ती चित्रफीत अक्षरशः चौकटीगणिक तपासली. मागे दिसणारी डोंगररांग त्यांनी उपग्रहाच्या नकाशांशी ताडली आणि ती कॅमेरूनच्या उत्तर टोकाला सापडली. चित्रात दिसणारी काही बांधकामे ठरावीक काळातल्या उपग्रहचित्रांतच होती, त्यावरून वर्ष ठरले. माणसांच्या सावल्यांच्या लांबीवरून सूर्याची उंची काढली आणि घटना २०१५ च्या मार्च-एप्रिलमधली असल्याचे दिसले. सैनिकांची ओळख पटवताना फेसबुकवरची पानेही कामी आली. सप्टेंबर २०१८ मध्ये हा तपास प्रसिद्ध झाला आणि सप्टेंबर २०२० मध्ये कॅमेरूनच्याच लष्करी न्यायालयाने चार सैनिकांना दहा वर्षांची शिक्षा दिली. आपल्याकडे पूर्वी सावली पाहून वेळ सांगणारे शेतकरी होते. तीच विद्या इथे कामी आली. पाहणे म्हणजे फक्त तिथे असणे नव्हे. समोर आलेले नीट निरखणे हेही पाहणेच असते.

याच जुलैच्या पहिल्या तारखेला, २०१८ मध्ये, आपल्या जवळ काय घडले ते विसरता येत नाही. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवड्याचा बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षुक तिथे आले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर बरेच दिवस फिरत होते. जमावाने त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. त्या सुमारास देशभर फिरणारी एक चित्रफीत, ज्यात मोटारसायकलवरून मूल उचलले जाते, ती मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेली जाहिरात होती. मूळ फितीत शेवटी ते लोक मूल परत आणून देतात आणि फलक दाखवतात. तेवढा भाग कुणीतरी कापून टाकला होता. त्या महिन्यातच व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

हे वाचले तेव्हा मला वाटले, इथे तालुक्याच्या बातमीदाराचे काम होते. पुण्या-मुंबईत किंवा दिल्लीत बसलेल्याला गावच्या ग्रुपवर काय फिरते ते दिसत नाही. तालुक्याच्या वार्ताहराला दिसते, कारण तो त्या ग्रुपमध्ये असतो. असा निरोप पहिल्यांदा दिसला त्या दिवशी पोलीस ठाण्यात फोन करून तालुक्यात एक तरी मूल पळवले गेले आहे का, हे विचारायचे. उत्तर मिळेल ते गावच्या बोलीत, चार ओळींत, त्याच ग्रुपवर लिहायचे, आणि दुसऱ्या दिवशी पेपरातही छापायचे. समाजमाध्यमाचा पत्रकाराने करायचा याहून मोठा उपयोग मला तरी माहीत नाही. अफवा ज्या वाटेने गेली त्याच वाटेने खरी गोष्टही गेली पाहिजे. चौथ्या दिवशी अग्रलेखातून ती सांगून काय फायदा?

एक गोष्ट राहिली. ही माध्यमे आपल्या मालकीची नाहीत. २००९ च्या जानेवारीत न्यूयॉर्कजवळ हडसन नदीवर उतरलेल्या विमानाचा गाजलेला फोटो ज्या ट्विटपिकवर टाकला गेला, ती सेवा २०१४ मध्ये बंद पडली. २०१७ मध्ये यूट्यूबच्या यंत्रणेने सीरियाच्या युद्धातल्या हजारो चित्रफिती हिंसक म्हणून काढून टाकल्या. त्यांत अत्याचारांचे पुरावे होते. काही कार्यकर्त्यांनी आधीच प्रती ठेवल्या म्हणून त्यांतले बरेच वाचले. ट्विटरचे २०२३ मध्ये एक्स झाले, एनपीआरने त्याच वर्षी तिथून मुक्काम हलवला आणि 'गार्डियन'ने २०२४ मध्ये. फेसबुकवरची अफवा कुठून कुठे गेली हे पत्रकारांना दाखवणारे क्राउडटँगल हे साधनही ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केले गेले. म्हणून मिळालेली वस्तू त्याच दिवशी, तारीख आणि मूळ पत्त्यासह, आपल्याकडे उतरवून ठेवावी. ज्याने चित्र काढले त्याची परवानगी घ्यावी आणि त्याच्या जिवाला धोका असेल तर त्याचे नाव आपल्या वहीतच राहू द्यावे.

आता तर यंत्राला सांगितले की न घडलेल्या पुराचे चित्रही तयार होते. साकव वाहून जातो आहे, माणूस बुडतो आहे, असे हवे तसे. अशा वेळी आमच्या वृत्तसंपादकांचा प्रश्न जुना झाला असे कुणी म्हणेल. मला तो जास्तच गरजेचा वाटतो. ते आता हयात नाहीत, आणि त्यांनी कधी मोबाइल वापरला नाही. पण कुणी घाईघाईने मला काही पाठवतो आणि विचारतो, हे टाकू का, तेव्हा मी त्याला त्यांच्याच शब्दांत विचारतो. बहुतेकदा पलीकडून थोडा वेळ काहीच उत्तर येत नाही. मग निरोप येतो, "थांबा, फोन करून बघतो."